फिशटँकमधली छाटणी आणि न भरणारी जखम

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या उजव्या हाताचं मधलं बोट वाकेनासं झालं, तर त्याच्या दुकानाचं शटर अर्धं खाली आलंच म्हणून समजा. काही वर्षांपूर्वी असेच एक काका आमच्या ओपीडीत आले. वय साठीच्या पुढे. मधल्या बोटाच्या पाठीमागे, सांध्यावर, जांभळट लाल रंगाची एक गाठ. ती चार महिन्यांपूर्वी उठली होती. फारशी दुखत नव्हती, पण जातही नव्हती. तोवर मनगटाकडे आणखी दोन गाठी आल्या होत्या आणि कोपराच्या अलीकडे एक, अशा एका ओळीत, दोऱ्यात मणी ओवल्यासारख्या.

चार महिन्यांत काकांनी तीन दवाखाने पालथे घातले होते. दोन वेळा अँटिबायोटिकचा कोर्स झाला. एकाने गाठ फोडून पाहिली, पू निघाला नाही. एकाने गाठीत स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं, त्यानंतर ती जोमाने वाढली. शेवटी तुकडा काढून तपासला, तर अहवालात 'ग्रॅन्युलोमा' आलं आणि चिठ्ठीवर प्रश्नचिन्हासह 'त्वचेचा टीबी' असं लिहून त्यांना आमच्याकडे पाठवलं गेलं.

मी नेहमीचे प्रश्न विचारले. खोकला? नाही. ताप? नाही. वजन घटलं? नाही. घरात कुणाला टीबी? नाही. साखर? काठावर. छातीचा एक्स-रे स्वच्छ. सीबीनॅट चाचणी निगेटिव्ह. काट्यातून शिरणाऱ्या एका बुरशीमुळेही अशाच मण्यांसारख्या गाठी येतात, म्हणून बागकाम करता का, असंही विचारलं. "कसली बाग डॉक्टरसाहेब, तिसऱ्या मजल्यावर राहतो," काका म्हणाले. टीबीची औषधं सुरू करून बघू, असं मी मनाशी जवळजवळ ठरवलंही होतं. मागे उभ्या असलेल्या काकू तेवढ्यात म्हणाल्या, "अहो, पाण्यातली बाग आहे की! दर रविवारी चार-चार तास कोपरापर्यंत हात त्या टाकीत असतो. झाडं कापत बसतात."

माझं पेन तिथेच थांबलं. पंचवीस-तीस वर्षांच्या नोकरीत मी रुग्णांना गाई-म्हशी, कबुतरं, दारू, तंबाखू, परगावचा प्रवास असं सगळं विचारत आलो होतो. 'घरी फिशटँक आहे का' हे मात्र विचारायचं मला त्या दिवशी सुचलं नव्हतं.

काकांच्या बोटात जो जंतू होता, त्याचं नाव मायकोबॅक्टेरियम मरिनम. टीबीच्या जंतूचा हा जवळचा नातलग. जोसेफ ॲरन्सन या शास्त्रज्ञाने १९२६ साली फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयात मेलेल्या खाऱ्या पाण्यातल्या माशांमध्ये त्याची नोंद केली. पुढे स्वीडनमध्ये पोहण्याच्या तलावात खरचटलेल्या लोकांच्या त्वचेवर तो सापडला. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात घरगुती फिशटँकमधून झालेल्या संसर्गाचं वर्णन छापून आलं. तेव्हापासून या आजाराला 'फिशटँक ग्रॅन्युलोमा' असंच नाव पडलं आहे. हा जंतू गोड्या पाण्यात राहतो, खाऱ्या पाण्यातही राहतो. माशांच्या अंगात असतो, तसा काचेवरच्या आणि दगडगोट्यांवरच्या बुळबुळीत थरातही असतो. धडधाकट, न फाटलेल्या त्वचेतून तो आत जात नाही. त्याला वाट लागते. ती कात्रीच्या टोकाने, खडीच्या धारेने किंवा नखाजवळच्या सालपटाने मिळते.

या जंतूची एक खोड लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्याला साधारण तीस ते तेहतीस अंश सेल्सिअस तापमान मानवतं. आपल्या शरीराच्या आतलं सदतीस अंशांचं तापमान त्याला सहन होत नाही. म्हणून धडधाकट माणसात तो फुप्फुसात वगैरे जात नाही, हाताच्या बोटांसारख्या थंड भागातच रेंगाळतो. याच कारणाने प्रयोगशाळेतही तो हुलकावणी देतो. टीबीसाठी पाठवलेला नमुना सदतीस अंशांवर ठेवतात आणि तिथे हा बहुधा उगवतच नाही. 'जंतू आढळला नाही' असा अहवाल येतो आणि डॉक्टर, रुग्ण दोघेही गोंधळतात. सीबीनॅट चाचणी टीबीच्या जंतूसाठी बनवलेली, त्यामुळे तीही निगेटिव्ह येते.

काकांचा नवा तुकडा घेतला. सूक्ष्मजीवशास्त्र विभागातल्या मॅडमना फोन करून सांगितलं, एक बाटली तीस अंशांवर ठेवा आणि सहा आठवडे टाकू नका. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मला खाली बोलावलं. अंधारात वाढलेल्या वसाहती फिकट, मळकट पांढऱ्या होत्या. त्या उजेडात ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी लिंबासारख्या पिवळ्या झाल्या. उजेड पाहून रंग बदलणं ही मरिनमची खूण आहे. पुस्तकात ती वाचली होती, डोळ्यांनी पहिल्यांदाच पाहिली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती आमच्या डॉक्टरमंडळींच्याही कामाची आहे. टीबीच्या नेहमीच्या चार औषधांपैकी आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड यांचा मरिनमवर उपयोग होत नाही. रिफाम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल यांचा होतो. म्हणजे चुकून टीबी समजून औषधं दिली, तरी रुग्णाला थोडाफार गुण येतो. सगळ्यांना वाटतं, निदान बरोबर होतं. रुग्णाच्या नावापुढे टीबीची नोंद राहते, घरच्यांच्या तपासण्या होतात, शेजारी कपबशा वेगळ्या ठेवतात. वास्तविक हा आजार एका माणसापासून दुसऱ्याला होत नाही. आणि तो माणूस पुढच्या रविवारी पुन्हा उघडा हात टाकीत घालतो.

काकांच्या बोटातल्या स्नायूबंधाच्या आवरणापर्यंत सूज पोचली होती. सोनोग्राफीत ते दिसलं. आमच्या शल्यचिकित्सकांनी ते आवरण उघडून साफ केलं. क्लॅरिथ्रोमायसिन, इथॅम्ब्युटॉल आणि रिफाम्पिसिन ही औषधं सहा महिन्यांहून अधिक काळ चालली. इथॅम्ब्युटॉलने लाल-हिरव्या रंगाची नजर बिघडू शकते, म्हणून दर महिन्याला डोळ्यांची तपासणी. घड्याळाच्या कामात डोळे हेच भांडवल, त्यामुळे ती तपासणी काकांनी एकदाही चुकवली नाही. आजार वरवरचा असता आणि पहिल्या महिन्यात कळला असता, तर तीन-चार महिन्यांच्या गोळ्यांत काम भागलं असतं. इंजेक्शन नाही, चाकू नाही.

पहिल्याच आठवड्यात काकांनी खालच्या आवाजात विचारलं होतं, "टाकी विकून टाकू का?"

मी नको म्हणालो. मग प्रश्न आला, छाटणी कोण करणार? हात तर बांधलेला. त्या प्रश्नाच्या उत्तरापायी मी त्यांच्या घरी गेलो, स्टुलावर बसलो, आणि पन्नाशीत एक नवीन विद्या शिकलो. आता माझ्याकडेही दोन फुटांची टाकी आहे. म्हणून आजचा पुढचा भाग डॉक्टर म्हणून कमी आणि शिकाऊ माळी म्हणून जास्त लिहितो आहे.

माझ्या टाकीतली पहिली छाटणी मी सगळ्या झाडांना सारखीच केली. कात्री घेतली आणि न्हाव्याने केस कापावेत तशी वरून एका रेषेत चालवली. आठवड्याभरात निम्मी झाडं तपकिरी पडली. काकांनी येऊन पाहिलं आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, सगळ्या पेशंटना तुम्ही एकच गोळी देता का?"

त्यांचं शिकवणं एका वाक्यात येतं. कात्री लावण्याआधी झाड कुठून वाढतं ते शोधायचं.

काही झाडं शेंड्यातून वाढतात. यातलं आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं म्हणजे ब्राह्मी. तेलाच्या बाटलीवर जिचं चित्र असतं ती ब्राह्मी फिशटँकच्या दुकानात 'बाकोपा' म्हणून मिळते आणि पाण्याखाली मजेत वाढते. रोटाला, हायग्रोफिला, लिम्नोफिला हीही त्याच गटातली. एक उभं खोड, त्यावर ठरावीक अंतराने पेरं, प्रत्येक पेरावर पानं आणि पानांच्या बगलेत झोपलेला डोळा. शेंडा सरळ वर उजेडाकडे धावतो, पृष्ठभागाला टेकला की आडवा पसरतो आणि खाली सावली करतो. सावलीतली पानं पिवळी पडून गळतात. वरून पाहावं तर जंगल आणि खाली नुसत्या काड्या, अशी दशा होते.

हा शेंडा कापला की काय होतं, ते आपल्या आजीला ठाऊक होतं. तुळशीच्या मंजिऱ्या खुडल्या की तुळस डेरेदार होते. शेतकऱ्यालाही ठाऊक आहे. तुरीचे शेंडे खुडले की फुटवे फुटतात आणि शेंगा वाढतात. द्राक्षबागायतदाराचं तर सगळं वर्षच छाटणीच्या तारखांवर चालतं. यामागचं शास्त्र कळायला मात्र वेळ लागला. रोपाच्या टोकाकडून खाली काहीतरी 'निरोप' जातो, हे चार्ल्स डार्विनने मुलाबरोबर केलेल्या प्रयोगांतून १८८० साली मांडलं. तो निरोप म्हणजे ऑक्सिन नावाचं संप्रेरक. फ्रिट्स वेंट या डच शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात ओटाच्या कोंबाच्या टोकातून तो निरोप जेलीसारख्या अगरच्या तुकड्यात उतरवून दाखवला. पुढे १९३०च्या दशकात थिमान आणि स्कूग यांनी आणखी एक गंमत दाखवली. शेंडा कापून त्या जागी ऑक्सिन लावलं, तर बगलेतले डोळे झोपलेलेच राहतात. शेंडा म्हणजे घरातला थोरला. तो आहे तोवर बाकीच्यांनी गप्प बसायचं. अलीकडच्या संशोधनात असंही दिसतं की नुसता हुकूम उठत नाही, शेंड्याकडे जाणारी साखरही मोकळी होते आणि ती मिळाल्यावर खालचे डोळे जागे होतात. घराघरांत चालतं तसंच.

तर अशा झाडाला पेराच्या किंचित वर कापायचं. पेराच्या खूप वर कापलं तर मधला नुसता दांडा कुजतो. एका खोडाचे बहुधा दोन फुटवे येतात. दोन-तीन आठवड्यांनी त्या दोहोंना पुन्हा कापलं की चार. असं तीन-चार वेळा केलं की दाट झुडूप होतं. नवशिके ज्या उंचीवर झुडूप हवं त्याच उंचीवर कापतात, मीही तेच केलं. फुटवे त्या जागेपासून वर वाढणार, म्हणजे झुडूप पुन्हा उंचच होणार. हवं त्यापेक्षा बरंच खाली कापायचं. कापलेले शेंडे फेकायचे नाहीत. खालच्या दोन पेरांवरची पानं काढायची आणि चिमट्याने ते पेर वाळूत रोवायचं. पाण्यातल्या खोडांना पेरावर पांढरी मुळं सहज फुटतात. काही महिन्यांनी जुनं बूड लाकडासारखं निबर झालं की ते उपटायचं आणि शेंडेच लावून बाग नवी करायची.

व्हॅलिस्नेरियासारखी लांब पात्यांची झाडं वेगळी. त्यांचं पातं बुडाशी वाढतं, टोकाला नाही. टोक कापलं तर कापलेली कड तपकिरी पडते आणि ती पट्टी तशीच वर सरकत राहते. तिथे नवं काही उगवत नाही. पातं फार लांबलं तर पूर्ण बुडापासून काढायचं. ॲमेझॉन स्वोर्ड आणि क्रिप्टोकोरीन यांचंही तेच. मधल्या गाभ्यातून नवी पानं येतात, म्हणून बाहेरची जुनी पानं देठाच्या मुळाशी कापायची आणि गाभ्याला हात लावायचा नाही. क्रिप्टोकोरीनच्या काही जाती आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांतही आहेत, हे दुकानात सहसा कुणी सांगत नाही. ही झाडं मानी असतात. एकदम पुष्कळ पानं कापली किंवा जागा हलवली की उरलेली सगळी पानं विरघळून टाकतात. माणूस घाबरून झाड उपटून फेकतो. फेकू नये. मूळ जिवंत असेल तर तीन-चार आठवड्यांत नवी पानं येतात.

जावा फर्न आणि अनुबियास यांना आडवं, जाडसर खोड असतं. ते वाळूत पुरायचं नसतं, लाकडाला किंवा दगडाला बांधायचं असतं. जुनं पान तिथून काढायचं. झाड वाढवायचं असेल तर हे खोड दोन तुकड्यांत कापता येतं, प्रत्येक तुकड्यावर तीन-चार पानं राहतील असं. जावा फर्नच्या पानाखाली ओळीने काळे ठिपके दिसले की मी रोग समजून पानं कापत सुटलो होतो. ते बीजाणूंचे पुंजके. अशा जुन्या पानांवरच पुढे छोटी रोपं लटकतात. डॉक्टरला ठिपका दिसला की हात शिवशिवतातच!

शेवाळाचे, म्हणजे मॉसचे, गोळे वेळच्या वेळी बारीक कापावे लागतात, नाहीतर आतला थर उजेडाविना मरतो आणि सगळा गोळा लाकडावरून सुटतो. कापताना फिल्टर बंद आणि जाळी हातात. एक कण जिथे अडकेल तिथे महिन्याभराने मॉस उगवलेलं असतं.

एका वेळी किती कापायचं? माझा हिशेब तिसऱ्या हिश्श्यापर्यंतचा आहे. मासे विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया सोडतात. तो फिल्टरमधले जिवाणू आणि झाडं मिळून पचवतात. झाडं ही टाकीची निम्मी मूत्रपिंडं आहेत. एका रविवारी अर्धी बाग कापली, तर सोमवारी तेवढी मूत्रपिंडं गेली आणि पाण्यात कुजणारी पानं उरली, ती अमोनियात भरच घालतात. मग शैवाल माजतं. म्हणून कापलेलं प्रत्येक पान बाहेर काढायचं, एक तृतीयांश पाणी बदलायचं, चार-पाच दिवस खाणं कमी टाकायचं आणि दिव्याचे तासही दोनेक कमी करायचे. छाटणी टाळत राहणंही बरं नाही. रात्री झाडंही प्राणवायू घेतात. फार दाटी झाली की पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. तो प्रकार मी दम्याच्या वॉर्डात अनेकदा पाहिला आहे, ओळखायला वेळ लागला नाही.

आता पुन्हा हाताकडे येतो.

मरिनमचा आजार विरळ आहे. फिशटँक असणाऱ्या प्रत्येकाने घाबरावं असं त्यात काही नाही. पण जो होतो तो बहुतेक हाताला होतो आणि बहुतेक टाकीच्या साफसफाईत किंवा छाटणीतच शिरतो. हातावर जखम, चीर, ओरखडा, फाटलेली कातडी असेल, तर तो रविवार जाऊ द्या. झाडं आठवडाभर थांबतात. एरवी कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घाला. भांडी घासायचे लांब मोजेही चालतात, फक्त ते टाकीसाठी वेगळे ठेवा. लांब कात्री आणि लांब चिमटा घेतला तर हात फारसा आत जातच नाही, आणि धारदार कात्रीने खोड चेंगरत नाही, हा झाडाचा फायदा. काम झाल्यावर साबणाने हात कोपरापर्यंत धुवा. काम करता करता चिरलंच, तर तिथेच थांबून वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम धुवा. ज्यांना संधिवातासाठी किंवा सोरायसिससाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू आहेत, ज्यांचं मूत्रपिंड-प्रत्यारोपण झालं आहे, केमोथेरपी चालू आहे, त्यांनी मात्र हे काम घरातल्या दुसऱ्या कुणावर सोपवावं. त्यांच्यात हा जंतू त्वचेपुरता थांबेलच असं नाही.

संसर्ग झाल्यावर गाठ उठायला बहुधा दोन-तीन आठवडे लागतात, कधी काही महिनेही जातात. तोवर तो ओरखडा आपण विसरलेले असतो. म्हणून बोटावर किंवा हातावर तीन आठवडे न भरणारी जखम असेल, गाठ असेल, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण होऊन सांगा, "माझ्या घरी फिशटँक आहे." एवढ्या चार शब्दांनी काकांचे चार महिने वाचले असते.

रबरी नळीने पाणी काढताना तोंडाने ओढायची सवय अनेकांना असते. स्कूटरमधून पेट्रोल काढल्यासारखी. टाकीच्या पाण्यात माशांची विष्ठा असते आणि साल्मोनेलासारखे पोटाचे जंतूही असू शकतात. दाबायचा फुगा असलेली नळी फार महाग नसते. कात्री, नळी, फिल्टरचा स्पंज हे स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नका. आमच्या घरात या विषयावर एकदाच चर्चा झाली आणि ती निर्णायक होती.

विजेचं तर सांगायलाच हवं. हात घालण्याआधी हीटर, फिल्टर, दिवा यांची बटणं बंद करून प्लग काढायचे. पाणी काढणार असाल तर हीटर बंद करून पंधरा-वीस मिनिटं थांबा. तापलेली काच पाण्याबाहेर उघडी पडली की तडकते. घरात ईएलसीबी बसवून घ्या. आणि काम संपल्यावर फिल्टर आठवणीने चालू करा. तो तासन्तास बंद राहिला तर त्यातले उपयोगी जिवाणू गुदमरतात.

छाटणीनंतर शैवाल येऊ नये म्हणून दुकानदार एक बाटली हातात देतात, 'लिक्विड कार्बन' म्हणून. यातल्या बऱ्याच बाटल्यांत ग्लुटराल्डिहाइड किंवा त्याचंच भावंड असतं. हे नाव वाचून मी दचकलो. आमच्या रुग्णालयात दुर्बिणी निर्जंतुक करायला जे वर्षानुवर्षं वापरलं, ते हेच. त्याच्या वाफेने आमच्या परिचारिकांचे डोळे चुरचुरायचे, काहींना दमा सुरू झाला, हाताला इसब झालं. बाटलीतलं द्रावण दुर्बिणीच्या द्रावणाहून पातळ असो वा दाट, वापरताना मोजे घाला, खिडकी उघडा, झाकण नाकाशी नेऊ नका आणि बाटली मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नका. व्हॅलिस्नेरिया आणि काही मॉस त्याने विरघळतात, तेव्हा झाडांच्या बाजूनेही ते सर्वांना मानवणारं नाही.

कापलेल्या पाल्याचं काय? नदीत, विहिरीत, नाल्यात टाकू नका. पुण्याच्या नद्यांवर दरवर्षी जी जलपर्णी काढत बसतात, तीही दक्षिण अमेरिकेतून शोभेची म्हणूनच आली होती. उलटा प्रवासही झाला आहे. आपल्याकडच्या ओढ्यांत निमूट राहणारी हायग्रोफिला पॉलिस्पर्मा फिशटँकच्या व्यापारातून फ्लोरिडात पोचली, तिथले कालवे तुंबवू लागली, आणि आज अमेरिकेच्या सरकारी यादीत ती उपद्रवी तण आहे. पाल्याचा एक तुकडा पुरतो. गच्चीत कडक वाळवा आणि कुंडीत घाला, उत्तम खत होतं.

या सगळ्यातून माझ्या वाचनाचीही दिशा थोडी बदलली. माझ्या टाकीत निळ्या पट्ट्यांचे झेब्रा मासे आहेत, दुकानात सर्वांत स्वस्त मिळतात ते. मूळचे आपल्याच उपखंडातल्या नदीनाल्यांतले. बडोद्यात वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या आणि आता केंब्रिजमध्ये काम करणाऱ्या डॉ. ललिता रामकृष्णन यांनी याच माशांच्या पिल्लांना याच मरिनमचा संसर्ग देऊन टीबीची गाठ कशी बनते त्याचा अभ्यास केला. पिल्लं काचेसारखी पारदर्शक, त्यामुळे जंतू आणि पेशी यांची झटापट सूक्ष्मदर्शकाखाली जिवंतपणी दिसते. गाठ म्हणजे शरीराने जंतूभोवती बांधलेला तुरुंग, असं आम्ही विद्यार्थी असताना शिकलो होतो. सुरुवातीच्या काळात तीच गाठ जंतूला पसरायलाही मदत करते, असं त्यांच्या कामातून दिसलं. काकांना हे सांगितलं, तर त्यांनी आपल्या बोटाकडे पाहिलं आणि काही बोलले नाहीत.

ते बोट आता पूर्ण मिटत नाही. तळहाताला टेकायला अर्धा इंच कमी पडतं. काका चिमटा अंगठा आणि अनामिकेत धरायला शिकले आहेत. मनगटी घड्याळं करतात, बायकांची छोटी घड्याळं परत पाठवतात. परवा रविवारी संध्याकाळी ते घरी आले, हातात ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली ब्राह्मीच्या शेंड्यांची जुडी. "आज छाटली," म्हणाले. मी आधी त्यांचे हात पाहिले. कोपराच्या खाली मोज्याच्या कडेचा लाल वळ अजून उमटलेला होता.